गंधवाटाण्याचा शेला

एका राज्यात, ज्याचे नाव सांगायची मला मुभा नाही, राजवाड्याच्या पाठीमागे गंधवाटाण्याचा मांडव होता. गंधवाटाणा म्हणजे आपल्या वाटाण्याचाच भाऊबंद. वेल तशीच, तणावे तसेच, पण फूल असे की पाखरू पंख अर्धे मिटून बसले आहे, आणि वास असा की वाटसरूने पाय थांबवावा. शेंग मात्र विषारी. खाईल त्याचे पाय लुळे पडतात. म्हणून त्या राज्यात आया मुलांना सांगत, गंधवाटाणा नाकाने खावा, तोंडाने नाही.

मांडव लावला होता राणी चारुमतीने. रोज सकाळी ती ओंजळ ओंजळ फुले खुडी, थोडी वेणीत माळी, बाकीची नगरात वाटी. फुले खुडायला तिच्या हाताखाली सगुणा नावाची सोळा वर्षांची मुलगी होती. सगुणा ही ठकूबाईची लेक. ठकूबाई ही त्या राज्यातली सर्वांत नामांकित कशिदकारीण, आणि ही गोष्ट इतरांपेक्षा तिलाच जास्त ठाऊक होती. विधवा बाई, दोन माणसांचे घर, एक चौकट, एक सुई, आणि जिभेला धार त्या सुईपेक्षा थोडी अधिकच.

मग एका वर्षी राणी तापाने गेली. मागे मांडव राहिला आणि राजा हेमकांत राहिला. राजा मुळीच वाईट नव्हता. पण दुःखी माणसाच्या हाती हुकूम असला की दुःख घरात मावत नाही, गावभर पसरते. राजाने दवंडी पिटवली की राणीच्या मांडवावरचे एकही फूल कोणी खुडायचे नाही. राणीची आठवण वेलीवरच राहील.

सगुणा हात जोडून दरबारात उभी राहिली. म्हणाली, "महाराज, ही वेल खुडली तरच फुलते. फूल वेलीवर ठेवले की त्याची शेंग होते, आणि शेंग धरली की वेलीला वाटते, आपले काम झाले. मग ती फुलत नाही."

राजा म्हणाला, "वेलीला काय वाटते ते तू मला सांगणार?"

"रोज मीच तिच्यापाशी असते महाराज. दुसरे कोण सांगणार?"

ही आईच्याच वळणावर गेलेली पोर. राजाला उत्तर आवडले नाही. हुकूम तसाच राहिला. दहा दिवसांत फुले वाळली, शेंगा लोंबू लागल्या, आणि मांडवावर उरली जेमतेम शंभर फुले. राजाने ती पाहिली आणि त्याला राणी दुसऱ्यांदा गेल्यासारखे झाले. सगुणाचे म्हणणे त्याला आठवले नसेल असे नाही. पण राजाला आपली चूक आठवणे हे भर पावसात वाळवण घालण्याइतकेच अवघड असते.

अशा वेळी जो यायचा तो आलाच. त्याचे नाव धूमाक्ष. होता मांत्रिक, पण दारोदार सुईदोरा विकत फिरे. कोणाला पोपट पाळायचा नाद असतो, कोणाला तालमीचा. या धूमाक्षाला जिवंत वस्त्रे जमवायचा नाद होता. त्याच्या पेटीत सहा वस्त्रे होती. एकात अख्खी विहीर, एकात भरलेली जत्रा, एकात गाईंचा कळप, आणि बाकीच्यांत असेच काही. कपड्यावर कान ठेवला तर जत्रेतले ढोल ऐकू येत.

धूमाक्ष राजाला म्हणाला, "हा माझा धागा. एकच आहे, संपत नाही, आणि मागाल तो रंग धरतो. याने फुले शेल्यावर काढून घ्या. ती कधी वाळणार नाहीत, त्यांचा वास कधी उडणार नाही. बदल्यात एवढेच, की महाराज स्वर्गवासी झाल्यावर शेला माझा."

"आणि अट?"

"काम पुरे झाले पाहिजे. एकही टाका उणा नको."

राजाने ठकूबाईला बोलावणे पाठवले.

आता त्या राज्यातल्या कशिद्याची रीत सांगतो, नाहीतर पुढचे कळायचे नाही. तिथे गाठ मारीत नसत. सुई जाताना एक घर सोडून एक घर भरी आणि येताना सुटलेली घरे भरून जिथून निघाली तिथे परत येई. त्यामुळे कापड सुलटे कोणते आणि उलटे कोणते हे सासूलासुद्धा सांगता येत नसे. माणूस काढायचा असेल तर आधी माणूस काढायचा, मग त्याच्याभोवती झाडेपाने. कारण माणूस जागेवर असला की बाकीचे आपोआप आपली जागा घेते. आणि सर्वांत मोठी रीत ही, की कितीही सुंदर काम असो, एक टाका मुद्दाम उणा ठेवायचा. म्हाताऱ्या सांगत, कापडात जे काढले त्याला ये-जा करायला दार हवे. दार बुजवले की ते आतच राहते.

ठकूबाईने शेला हाती घेतला आणि बारा दिवस मान वर केली नाही. आधी तिने सगुणाला काढले, मांडवाखाली उभी, टाचा उंचावून हात वर केलेली. राजाने काही सांगितले नव्हते; तिनेच ठरवले की खुडणारीवाचून मांडव म्हणजे नवरीवाचून मंडप. मग वेली काढल्या, तणावे काढले, शंभर फुले काढली. असे काम तिच्या हातून पूर्वी कधी झाले नव्हते. शेवटी सगुणाच्या बोटांमध्ये आणि फुलाच्या देठामध्ये एका टाक्याची जागा तिने रीतीप्रमाणे सोडली आणि शेला दरबारात नेला.

राजा बराच वेळ बघत राहिला. मग त्याने त्या जागेवर बोट ठेवले. "हे एवढे राहिले."

"ती रीत आहे महाराज."

धूमाक्ष मागून म्हणाला, "पुढचा दात पडलेल्या बाईसारखे दिसते. मला वाटले होते, हात चांगला आहे."

बस्स, तेवढेच पुरले. ठकूबाईच्या आजीने सांगितले असते तर तिने ऐकले नसते, राजाने हुकूम केला असता तर हुज्जत घातली असती. पण हाताला नाव ठेवलेले तिला सोसेना. तिने सुई उचलली आणि दार बुजवले.

त्या क्षणी मांडवावरची वेल नाहीशी झाली. नुसत्या काठ्या राहिल्या. सगुणा वेलीला पाणी घालीत होती. घागर जमिनीवर पडून फुटली आणि सगुणा तिथे नव्हती. दरबारात शेल्याला मात्र मंद वास सुटला, राणीच्या वेणीचा असे तोच. शेल्यावरची सगुणा टाचा उंचावून उभी होती, आणि तिची पापणी हलली.

ठकूबाईने पाहिले, आणि कोणी न सांगता तिला सगळे कळले. तिने शेल्याकडे हात नेला तर राजाने शेला छातीशी धरला. डोळे भरून आलेले, आवाज मऊ. म्हणाला, "बाई, तुझी मुलगी इथे सुखरूप आहे. तिला ऊन लागणार नाही, ताप येणार नाही. ती कधी म्हातारी होणार नाही."

ठकूबाई म्हणाली, "महाराज, तिला म्हातारी व्हायचे होते."

घरी येऊन ती चौकटीपुढे बसली आणि रडली. खूप रडली. आपल्या हातानेच लेकीला कोंडले, आणि तेही कशासाठी, तर कोणी दाताची उपमा दिली म्हणून. खिडकीबाहेर लिंबाच्या झाडावर एक शिंपी पक्षी पाने शिवीत बसला होता. त्या राज्यात पक्षी बोलत, त्यात कोणाला नवल नव्हते. उलट गप्प बसलेला पक्षी दिसला तर लोक वैद्याला विचारीत.

शिंपी पक्षी म्हणाला, "ठकूताई, पाणी पुरे झाले, आता डोके वापर. शिवलेले उसवता येते."

"शेला राजापाशी आहे."

"माझे ऐक. मी त्या मांत्रिकाच्या पेटीवर बसून ऐकले आहे. नव्या धाग्याचा रंग सात दिवस कच्चा असतो. सातव्या दिवशी सूर्य मावळला की रंग बसतो, मग ब्रह्मदेवालाही टाका सुटायचा नाही. आणि दुसरे, शेवटचा टाका आधी सुटतो, पहिला शेवटी."

ठकूबाईने मनात टाके उलटे मोजले. पहिली काढली होती ती सगुणा. म्हणजे सगुणा बाहेर यायची तर सगळी फुले, सगळी वेल, अख्खा शेला उसवला पाहिजे. अर्धे ठेवून भागणार नव्हते, आणि राजा एक पाकळीही द्यायला तयार नव्हता.

तिने तोंड धुतले, पदर खोचला आणि दरबार गाठला. भर सभेत म्हणाली, "महाराज, आईने आपले मूल मागितले तर राजाने नाही म्हणू नये. म्हणायचेच असेल तर काही काम सांगावे. मी ते केले तर शेला द्यावा, नाही केले तर मी पुन्हा तोंड दाखवणार नाही."

राजा न्यायाला बांधलेला होता. त्याने धूमाक्षाकडे पाहिले. धूमाक्ष हसला. "तीन कामे सांगू. दोन माझी, एक महाराजांचे."

"आणि मी जिंकले तर तुम्ही काय हराल?"

"माझी पेटी," धूमाक्ष म्हणाला. आपण हरू असे ज्याला वाटतच नाही तो पैज मोठी लावतो.

"सांगा पहिले काम."

"शेला महाराजांना प्राणाहून प्रिय आहे. त्याला सुईचे टोक पुन्हा लागता कामा नये. तेव्हा अशी सुई आण, जी धाग्याखालून जाते पण टोचत नाही. अशी सुई सात समुद्रांपलीकडे एका राक्षसाच्या दाढीत आहे. जायला एक वर्ष, यायला एक वर्ष."

सभेत हळहळ झाली. ठकूबाईने अंबाड्यात खोवलेली आपली सुई काढली, उलटी फिरवली, आणि नेढ्याचे बोथट टोक पुढे करून धरली. म्हणाली, "उसवताना सुई अशी धरतात. धाग्याखालून जाते, टोचत नाही. राक्षसाला दाढी विंचरू द्या."

तिने स्वतःच्या पदरावरचा एक टाका तसा अलगद उचलून दाखवला. कापडाला ओरखडाही उमटला नाही. राजाला मान डोलवावी लागली. पहिला दिवस संपला.

दुसऱ्या दिवशी धूमाक्षाने कमरेच्या पिशवीतून एक बी काढले. काळे, गोल, गुळगुळीत. "हे गंधवाटाण्याचे बी. शंभर वर्षे माझ्या पिशवीत आहे. राजांच्या माळ्यांनी पेरले, ऋषींनी मंत्र घातले, एकाने तर त्यापुढे गाणे म्हटले. उगवले नाही. उगवून दाखव."

माळी माना खाली घालून उभे राहिले. ठकूबाईने बी तळहातावर घेतले, नखाने वाजवून पाहिले. दगड. पण सगुणा दर हिवाळ्याच्या तोंडी घरी बिया आणून काय करते ते तिने वर्षानुवर्षे पाहिले होते, आणि उंबऱ्यात पसारा करते म्हणून ओरडलीही होती. तिने सुईचे टोक बियाच्या पाठीवर टेकवले, डोळ्याची जागा टाळून जरासे खरवडले, आतला पांढरा गर मोहरीएवढा दिसेपर्यंत. मग ते वाटीभर पाण्यात टाकले.

"एवढेच?" राजाने विचारले.

"जाड कातडीच्या जिवाला जरा टोचावे लागते महाराज," ठकूबाई म्हणाली आणि राजाकडे न पाहता घरी गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बी फुगून दुप्पट झाले होते. रिकाम्या मांडवाखाली ते पेरले. दुपारी कोंब आला. शंभर वर्षे अडकून पडलेले बी ते; एकदा वाट मिळाल्यावर ते कुठले थांबते. चौथ्या दिवशी वेलीने काठी धरली, संध्याकाळपर्यंत तणाव्यांनी मांडवाचा पहिला आडवा वासा गाठला आणि त्यावर दोन कळ्या दिसल्या. माळ्यांनी टोप्या उडवल्या. धूमाक्षाचा चेहरा जेवणात खडा लागल्यासारखा झाला.

आता तिसरे काम, राजाचे. राजा शेला मांडीवर घेऊन बसला होता. त्याने विचार केला आणि खरे तेच मागितले. म्हणाला, "बाई, या शेल्यात माझ्या राणीच्या वेणीचा वास आहे. तो वास मला दुसरीकडून मिळवून दे. मग शेला ने."

"उद्या सकाळी मांडवापाशी यावे महाराज," ठकूबाई म्हणाली.

पाचव्या दिवशी सूर्य उगवला तेव्हा दोनांपैकी एक कळी उमलली होती. जांभळे फूल, कडेला पांढरी रेघ. राजाने वाकून वास घेतला आणि त्याचा चेहरा विरघळला. तोच वास होता. शेल्यातल्यापेक्षा ताजा, कारण त्यात ओल्या मातीचाही वास होता, आणि राणीच्या केसांनाही सकाळी तसाच येत असे.

"मिळाला ना?" ठकूबाई म्हणाली. "आता खुडा."

राजाचा हात मागे आला. "खुडले की वाळेल."

"वाळेल. उद्या दुसरे येईल."

"आणि नाही आले तर?"

याला ठकूबाईपाशी उत्तर होते, पण ते उत्तर ऐकून कोणाला पटत नसते. खुडायचे काम तिचे नव्हते. तिने खुडले असते तर राजाने म्हटले असते, तू माझे फूल मारलेस. ती बाजूला बसून राहिली. राजा त्या एका फुलापुढे सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभा राहिला. जेवला नाही, बसला नाही. ऊन तापले तेव्हा त्याने फुलावर छत्र धरायला लावले. संध्याकाळी फूल मिटले, लोंबले, आणि त्याच्या पोटातून कोवळी हिरवी शेंग डोकावली. वर आणखी चार बारीक कळ्या धरल्या होत्या, त्या बघता बघता पिवळ्या पडून गळाल्या. दोनांपैकी दुसरी तेवढी उरली.

धूमाक्ष दूर उभा राहून पाने चघळीत होता. त्याला काही करायची गरजच नव्हती; राजाच त्याचे काम करीत होता.

त्या संध्याकाळी ठकूबाईला पहिल्यांदा भीती वाटली. शिंपी पक्ष्याला तिने विचारले, "उद्याही तो असाच उभा राहिला तर?"

"तर परवा रंग बसेल," पक्षी म्हणाला. तो थट्टेखोर होता, पण खोटे बोलत नसे.

सहाव्या दिवशी शेवटची कळी उमलली. राजा आला. त्याने पुन्हा छत्र मागवले. तेव्हा ठकूबाई उठून त्याच्यापुढे उभी राहिली.

"महाराज, राणीसाहेब फुले का खुडीत?"

"माळायला."

"रोज ओंजळभर खुडीत. त्यातली माळीत किती? चार. बाकीची वाटून टाकीत. मी नाही म्हटले तरी माझ्या दारी टोपली येई. त्यांना ठाऊक होते की आजचे हातचे दिल्याशिवाय उद्याचे यायचे नाही. ही वेल त्यांनी लावली, तुम्ही नाही. तिच्याशी कसे वागायचे ते त्यांनी रोज तुमच्या डोळ्यांदेखत करून दाखवले, आणि तुम्ही बघितले फक्त त्यांच्याकडे. मला राग येत नाही. मी असते तर मीही त्यांच्याकडेच बघितले असते. पण आता त्या गेल्या, आणि तुम्ही त्यांचीच वेल उपाशी मारता. माझ्याही हातून तेच झाले. सुंदर दिसते म्हणून मी दार बुजवले आणि पोर गमावली. तुम्ही थोर आहात, मी सुईवर जगणारी बाई. पण मूर्खपणात आपण दोघे एका पंक्तीचे आहोत."

राजाला असे कोणी बोलले नव्हते. बोलणारी एकच होती, ती तापाने गेली होती. राजा मांडवाखाली गेला. आधी त्याने कालची शेंग तोडली आणि बाजूला टाकली. मग देठाला हात घातला, डोळे मिटले आणि फूल खुडले. तेवढ्यासाठी त्याला जितकी ताकद लागली तितकी त्याला कधी लढाईत लागली नसेल. फूल हातात घेऊन तो मुलासारखा रडला, आणि राणी गेल्यापासून तो पहिल्यांदाच रडत होता, कारण आतापर्यंत तो नुसता हुकूम काढीत होता.

दुपारपर्यंत ते फूल त्याच्या हातात मलूल झाले. राजाने ते फेकले नाही आणि झाकलेही नाही. संध्याकाळी मांडवावर नव्या कळ्या धरल्या. माळ्यांनी मोजायला घेतल्या आणि सोडून दिल्या.

सातव्या दिवशी सकाळी मांडव फुलांनी लगडला होता. राजा पहाटे उठून सर्वांच्या आधी येऊन खुडीत होता. अर्धे नगर वासाने जागे झाले. त्याने ओंजळ ठकूबाईच्या पुढे केली, आणि दुसऱ्या हाताने शेला. म्हणाला, "घे बाई. उशीर केला मी."

धूमाक्ष धावत आला. "हा अन्याय आहे. वस्त्र माझे आहे. माझा धागा, माझा करार. पुरे झालेले काम उसवणे हे पाप आहे." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. राजा म्हणाला, "करारात शेला मी गेल्यावर तुझा. मी अजून आहे."

मांडवाखाली चौकट मांडली. ठकूबाईने शेला ताणून बांधला, सुई उलटी धरली, आणि बोटांच्या आणि देठाच्या मधला तो शेवटचा टाका उचलला. धाग्याचे टोक इतके बारीक होते की तिच्या बोटांना सापडेना. शिंपी पक्ष्याने चोचीत धरून ओढले. मग ती निघाली, ज्या वाटेने सुई आली होती त्याच वाटेने मागे. एक फूल उसवले की वेलीवर एक फूल उमले. आता ही गोष्ट सोपी वाटेल, पण नव्हती. तिच्या जन्मातले सर्वांत सुंदर काम ती स्वतःच्या हाताने नाहीसे करीत होती. ती पाकळीची वळणे, तो जांभळ्यातून गुलाबीत उतरलेला रंग, ते तणाव्याचे नाजूक वेटोळे. पुन्हा तसे जमेल याची हमी नव्हती. एका ठिकाणी तिचा हात थांबला. तिनेच मान हलवली आणि पुढे ओढले.

दुपार टळली. फुले संपली, वेली राहिल्या. वेली संपल्या, मांडवाच्या काठ्या राहिल्या. ऊन पिवळे झाले, लांब झाले. धूमाक्ष सूर्याकडे बघत बसला होता, आणि त्याचे पाहून सगळे सूर्याकडे बघू लागले. ठकूबाई तेवढी वर बघत नव्हती. काठ्या गेल्या, आणि कोऱ्या होत चाललेल्या कापडावर एकटी सगुणा राहिली.

हात सुटले, खांदे सुटले, वेणी सुटली. सूर्याची कड डोंगराला टेकली. राजा पुढे झाला आणि त्याने चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली, म्हणजे कापड हलू नये. आता नुसत्या टाचा उरल्या होत्या, जमिनीवरून उचललेल्या दोन टाचा. त्यातल्या डाव्या टाचेचा एक टाका, तिने बारा दिवसांच्या कामात घातलेला अगदी पहिला. तिने तो उचलला आणि धागा सरकन सुटून जमिनीवर पडला.

सगुणा मांडवाखाली उभी होती. टाचा उंचावलेल्या, हात वर. तिने टाचा खाली टेकवल्या, हात खाली घेतला आणि खांदा चोळला.

"आई, हात अवघडला," ती म्हणाली.

ठकूबाईने तिला ओढून छातीशी धरले. तिचा खांदा चोळला, पाठ चोळली, टाचा चोळल्या. तिला हसू येत होते आणि रडू येत होते आणि ती दोन्ही करीत होती. आजूबाजूला राजा, दरबार आणि अर्धे नगर उभे होते, पण तिला त्यांच्यापैकी कोणी दिसत नव्हते.

पुढचे थोडक्यात. धूमाक्षाची पेटी पैजेप्रमाणे घेतली. ठकूबाईने राज्यातल्या साऱ्या कशिदकारणी बोलावल्या, त्या म्हाताऱ्यांनाही ज्यांचे ऐकायला हवे होते. त्या वस्त्रांचे रंग केव्हाच बसले होते. पण धूमाक्षाच्या धाग्यावर धूमाक्षाचाच अंमल चाले, आणि पेटी गेल्यावर अंमलही गेला. सहा दिवसांत सहा वस्त्रे उसवली. विहीर आपल्या गावी जाऊन भरली, गाई हंबरत घरी गेल्या, आणि जत्रेतली माणसे कपडे झटकत बाहेर आली ती पहिल्यांदा भजी कुठे आहेत असे विचारीत. धूमाक्ष कोरी कापडे काखेत मारून राज्याबाहेर गेला. ऐकतो की तो पुढे उपरणी विकू लागला आणि त्यात त्याचे बरे चालले.

राजाने जुनी दवंडी रद्द केली. नवी अशी, की रोज सकाळी मांडवाचे फाटक उघडे राहील, आणि जो येईल त्याने खुडून न्यावे. न खुडता परतणाऱ्याला सगुणाबाईंच्या बोलण्याला तोंड द्यावे लागेल. सगुणा खुडणारीणच राहिली. मांडव तिचाच होता, आणि राजाही तिच्या हुकमाने एका बाजूची ओळ खुडीत असे.

त्या साली मांडव श्रावणापर्यंत फुलला, एरवी गंधवाटाणा फाल्गुनातच संपायचा. आणि बरीच वर्षे गेल्यावर, ठकूबाई गेल्यावर, राजाही गेल्यावर, त्या मांडवाखाली एक पांढऱ्या केसांची बाई सकाळी फुले खुडताना दिसे. तिचे पाय दुखत, कंबर धरे, आणि टाचा उंचावताना ती काठीचा आधार घेई. नगरातल्या पोरींना ती सांगे, "माझ्या आईने मला म्हातारी केले बरे." आणि सांगताना ती हसे.

गोष्ट इतकीच. जिथे वेल फुलली असेल तिथे उद्या सकाळी जा, आणि हात आखडू नका.